मूल हवं म्हणून सीमेपलीकडे

आपल्याकडे तालुक्याच्या गावीही आता आयव्हीएफ सेंटरची पाटी दिसते. मग मूल व्हावं म्हणून कुणी परदेशात का जावं? हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. अमेरिकेतले लेक-जावई उपचारांसाठी पुण्याला येणार म्हटल्यावर आईवडील विचारतात, ‘तिकडे काय डॉक्टर कमी आहेत?’ आणि इथे तीन-चार वेळा निराशा पदरी आलेलं जोडपं विचारतं, ‘बाहेर जाऊन बघावं का?’

उपचाराचं शास्त्र जगभर जवळपास सारखंच आहे. कायदे, किमती आणि नोंदी ठेवण्याच्या पद्धती मात्र देशागणिक बदलतात. लोक सीमा ओलांडतात ते या फरकामुळे. पण परत येताना त्यांच्याबरोबर एक मूल येतं, आणि त्या मुलाला आयुष्य आपल्या देशाच्या कायद्यात काढायचं असतं. हे प्रकरण वाचताना एवढं सूत्र धरून ठेवलं तरी पुरे.

१. उपचारात नेमकं काय होतं?

मूल जन्माला यायला तीन गोष्टी लागतात : स्त्रीबीज, शुक्राणू आणि गर्भाशय. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईझ ब्राउन जन्मली आणि स्त्रीबीज व शुक्राणू यांचं मीलन शरीराबाहेर, प्रयोगशाळेत घडवता येतं हे जगाला दिसलं. त्यामागे पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी या तिघांचं काम होतं. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

उपचाराचा क्रम साधारण असा. स्त्रीला दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं दिली जातात, म्हणजे एरवी महिन्याला एक तयार होणारं बीज एकाच वेळी अनेक संख्येनं तयार होतं. सोनोग्राफीत ती पुरेशी वाढलेली दिसली की भूल देऊन सुईनं बाहेर काढतात. याला रुग्णांच्या बोलीत ‘पिकअप’ म्हणतात. प्रयोगशाळेत शुक्राणूंशी मीलन होऊन भ्रूण तयार होतो. तीन ते पाच दिवसांनी तो गर्भाशयात सोडतात, म्हणजे ‘ट्रान्सफर’ करतात. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी होते.

मीलन शरीराबाहेर झालं की या तिन्ही गोष्टी एकाच जोडप्याकडून येण्याची गरज उरत नाही. बीज दुसऱ्या स्त्रीचं असू शकतं, शुक्राणू दुसऱ्या देशातल्या बँकेतून येऊ शकतात, गर्भ तिसऱ्या स्त्रीच्या उदरात वाढू शकतो. शुक्राणू आणि भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतात आणि विमानानं पाठवताही येतात. स्वतःचं बीज वापरायचं असेल तर स्त्रीला दोन-तीन आठवडे परदेशात राहावं लागतं, किंवा पहिली इंजेक्शनं व सोनोग्राफी घरी करून पिकअपसाठी जावं लागतं. दातीचं, म्हणजे बीज देणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचं, बीज वापरायचं असेल, तर घरीच गोळ्या घेऊन गर्भाशयाचं अस्तर तयार करता येतं आणि मुक्काम काही दिवसांवर येतो. म्हणूनच सीमेपलीकडच्या उपचारांत बीजदानाचा वाटा मोठा आहे.

२. लोक घर सोडून का जातात?

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण इटलीचं आहे. २००४ साली तिथे ‘कायदा क्रमांक ४०’ आला. दात्याचं बीज किंवा शुक्राणू वापरायला बंदी झाली. एका वेळी तीनच भ्रूण तयार करायचे, ते सगळे गर्भाशयात सोडायचे आणि सहसा गोठवायचे नाहीत, असंही त्यात होतं. पुढच्याच वर्षी सार्वमत झालं, पण पुरेसे मतदार बाहेर न पडल्यानं ते निष्फळ ठरलं. इटालियन जोडपी स्पेन, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक अशा देशांकडे वळली. इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं २००९ मध्ये तीन भ्रूणांची अट आणि २०१४ मध्ये दात्यांवरची बंदी रद्द केली.

या काळाचं चित्र युरोपातल्या तज्ज्ञांच्या एका पाहणीत सापडतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सहा देशांतल्या ४६ केंद्रांनी एका महिन्यात आलेल्या परदेशी रुग्णांची माहिती गोळा केली. १,२३० अर्ज भरून आले. त्यांत जवळपास तिसरा हिस्सा एकट्या इटलीचा होता. मागोमाग जर्मनी, नेदरलँड्स आणि फ्रान्स. त्यावरून युरोपात वर्षाला २४ ते ३० हजार उपचार सीमेपलीकडे होत असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी बांधला.

कारणं साधारण चार.

पहिलं, कायद्याची मनाई. जर्मनीत १९९० च्या भ्रूणसंरक्षण कायद्यानं दातीचं बीज वापरणं बंद केलं. चाळिशीआधी अकाली पाळी थांबलेल्या जर्मन स्त्रीला गरोदर राहायचं असेल तर बाहेर जाण्यावाचून मार्ग उरला नाही. फ्रान्समध्ये २०२१ पर्यंत एकट्या स्त्रीला किंवा स्त्रियांच्या जोडप्याला हे उपचार मिळत नसत. त्या बेल्जियमला आणि स्पेनला जात.

दुसरं, दात्यांची टंचाई. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ पासून नियम आला की दात्याचं नाव कायमचं गुप्त राहणार नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की ते विचारू शकेल. मुलाच्या बाजूनं हा न्याय्य नियम आहे. पण बीजदात्यांची वानवा आधीपासून होतीच, त्यात प्रतीक्षायादी आणखी लांबली. स्पेनमध्ये मात्र दान गुप्त राहतं, दातीला सुमारे हजार युरो भरपाई मिळते आणि बीज लवकर उपलब्ध होतं. त्यामुळे स्पेन युरोपातलं बीजदानाचं सर्वांत मोठं केंद्र झालं.

तिसरं, पैसा. अमेरिकेत एका आयव्हीएफ सायकलचा, म्हणजे उपचाराच्या एका फेरीचा, खर्च १५ ते २० हजार डॉलरच्या घरात जातो आणि अनेकांच्या विम्यात तो बसत नाही. भारतात तो बहुतेक ठिकाणी दीड ते अडीच लाख रुपये असतो. अमेरिकेतली मराठी लेक पुण्याला येते त्यामागे हा हिशेब आहे. शिवाय इंजेक्शनांच्या दिवसांत आईच्या हातचं जेवण आणि सोबत मिळते.

चौथं, गुप्तता. शेजारीपाजारी, सासर, ऑफिस यांच्या नजरेपासून दूर उपचार व्हावेत, असं अनेकांना वाटतं. मूलबाळ नसण्याचा दोष आजही आपण बाईच्या माथी मारतो. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनंही अडचण असते, हे माहीत असूनही मारतो.

३. लोक आपल्याकडे येत होते तेव्हा

भारत कित्येक वर्षं या प्रवासाचं मोठं ठिकाण होता, मुख्यतः सरोगसीसाठी. मुंबई, दिल्ली आणि गुजरातमधलं आणंद इथे परदेशी जोडपी येत. आपल्या भ्रूणाचा गर्भ भारतीय स्त्रीनं नऊ महिने वाढवायचा, मोबदला घ्यायचा आणि बाळ द्यायचं, असा तो व्यवहार होता. २०२१ पर्यंत त्यासाठी संसदेचा कायदा नव्हता. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांवर काम चाले.

२००८ मध्ये आणंदला दोन घटना घडल्या आणि या मोकळिकीची किंमत दिसली. एका जपानी जोडप्यानं सरोगसी ठरवली, पण बाळ जन्मण्याआधीच त्यांचा घटस्फोट झाला. जुलैमध्ये मुलगी जन्मली. जपानमधल्या पत्नीनं तिला स्वीकारलं नाही, बीज देणारी स्त्री अनाम होती, सरोगेट मातेचं काम करारानं संपलं होतं. बाप मुलीला न्यायला तयार होता, पण भारतात एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. बाळ कुणाचं आणि कुठल्या देशाचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर प्रवासाची कागदपत्रं मिळाली आणि आजी नातीला घेऊन जपानला गेली.

त्याच वर्षी एका जर्मन माणसाची जुळी मुलं आणंदमध्येच जन्मली. जर्मनीला सरोगसी मान्य नव्हती, म्हणून जर्मन पासपोर्ट मिळेना. भारतीय सरोगेट मातेपोटी जन्मलेली ही मुलं भारतीय नागरिक आहेत, असं गुजरात उच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं. केंद्र सरकारनं त्यावर अपील केलं. मुलं दोन वर्षांची झाल्यावर, दत्तकाचा मार्ग काढून, ती जर्मनीला जाऊ शकली. तोवर कुठल्याच देशाचं सरकार त्यांना आपलं म्हणत नव्हतं.

पुढे नियम आवळत गेले. २०१२ मध्ये परदेशी जोडप्यांना वैद्यकीय व्हिसा आणि विवाहाची अट आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी नागरिकांसाठी सरोगसी बंद झाली. २५ जानेवारी २०२२ पासून सरोगसी (नियमन) कायदा आणि सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा हे दोन्ही लागू झाले. आता भारतात मोबदला घेऊन सरोगसी करता येत नाही.

४. एक दार बंद झालं की...

भारतानं नियम आवळायला सुरुवात केली, तशी गर्दी दुसरीकडे सरकली. थायलंडमध्ये २०१३ च्या अखेरीस एका ऑस्ट्रेलियन जोडप्यासाठी जुळी जन्मली. डाउन सिंड्रोम असलेला मुलगा सरोगेट मातेकडेच राहिला आणि बहीण ऑस्ट्रेलियाला गेली. त्यावरून झालेल्या गदारोळानंतर २०१५ मध्ये थायलंडनं परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद केली. नेपाळमध्ये भारतीय स्त्रिया सरोगेट म्हणून नेल्या जात होत्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपात इस्रायलनं तिथली तान्ही बाळं विमानानं हलवली, तेव्हा हा व्यवहार जगासमोर आला आणि त्याच वर्षी बंदही झाला. मग कंबोडिया, तिथेही २०१६ च्या अखेरीस बंदी आली.

युक्रेनमध्ये ही सेवा कायदेशीर होती. कोविडमुळे सीमा बंद पडल्या आणि मे २०२० मध्ये कीव्हच्या एका हॉटेलात चाळीसहून अधिक बाळं आईबापांची वाट पाहत राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा परिचारिका नवजात बाळांना तळघरात सांभाळत होत्या.

प्रत्येक ठिकाणी नियम बदलला त्या दिवशी कुणीतरी गरोदर होतं. उपचार काही आठवड्यांचे असतात, गर्भारपण नऊ महिन्यांचं. मधल्या काळात सरकार, कायदा, युद्ध, साथ यांतलं काहीही आडवं येऊ शकतं. आणि त्याचा भार सर्वांत आधी सरोगेट स्त्रीवर आणि बाळावर पडतो.

५. यशाचा आकडा कसा वाचायचा?

परदेशी केंद्रांच्या जाहिरातीत ‘५० टक्के यश’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा. किती दाणे पेरले, किती उगवले आणि किती धान्य घरात आलं, हे तीन वेगळे हिशेब असतात.

समजा, १०० स्त्रियांनी उपचार सुरू केले. काहींची बीजं नीट तयार झाली नाहीत, काहींचे भ्रूण वाढले नाहीत, म्हणून ८० जणींचंच ट्रान्सफर झालं. त्यांतल्या ४० जणींची रक्त तपासणी पॉझिटिव्ह आली. काहींचा गर्भपात झाला आणि २८ जणींच्या घरी बाळ आलं. आता तोच अनुभव तीन प्रकारे सांगता येतो. ८० पैकी ४० पॉझिटिव्ह, म्हणजे ५० टक्के. ८० पैकी २८ बाळंतपणं, म्हणजे ३५ टक्के. १०० पैकी २८, म्हणजे २८ टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. तुम्ही मात्र शंभरातल्या एक असता, म्हणून तुमच्या कामाचा आकडा तिसरा.

यात स्त्रीचं वय मिसळा. ब्रिटनमधल्या या उपचारांच्या नियामक संस्थेच्या अलीकडच्या आकड्यांत स्वतःचं बीज वापरणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या स्त्रियांत, सोडलेल्या दर भ्रूणामागे बाळ जन्मण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे, तर ४३-४४ व्या वर्षी ते सुमारे ५ टक्के उरतं. तरुण दातीचं बीज वापरलं तर चाळिशीतही ते ३० टक्क्यांच्या वर राहतं. ज्या केंद्रात बहुतेक उपचार दातीच्या बीजानं होतात, त्याचा सरसकट आकडा चांगला दिसणारच. म्हणून विचारावं : माझ्या वयाच्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या, उपचार सुरू केलेल्या स्त्रियांपैकी किती जणींना बाळ झालं?

आणखी एक हिशेब. दर ट्रान्सफरला यशाची शक्यता ३५ टक्के धरली, तर अपयशाची ६५. दोन्ही वेळा अपयश येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, तिन्ही वेळा येण्याची सुमारे २७ टक्के. म्हणजे तीनदा प्रवास करूनही चारांतलं एक जोडपं रिकाम्या हातानं परततं. कर्ज काढण्याआधी, दागिने मोडण्याआधी हा हिशेब दोघांनी एकत्र बसून करावा.

६. शरीर परत येतं ते इथेच

केंद्राचा संबंध बहुधा ट्रान्सफरपाशी संपतो. पुढचे नऊ महिने मायदेशातले डॉक्टर सांभाळतात.

मोठा धोका जुळ्या-तिळ्यांचा. ‘इतक्या लांब आलोच आहोत, तर दोन-तीन भ्रूण सोडा’ असं जोडप्यांना वाटतं आणि काही केंद्रं मान्यही करतात. पण जुळी-तिळी मुदतीआधी जन्मतात, वजनानं कमी असतात, आईचा रक्तदाब वाढतो. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयानं ११ वर्षांतल्या तिळ्यांच्या किंवा त्याहून अधिक गर्भांच्या नोंदी तपासल्या. वंध्यत्वाच्या उपचारांतून राहिलेल्या अशा गर्भारपणांपैकी सुमारे चौथा हिस्सा परदेशात घेतलेल्या उपचारांचा होता. बेल्जियमनं उलट वाट दाखवली. २००३ पासून तिथे ४२ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांचा सहा सायकलींचा प्रयोगशाळेचा खर्च सरकार देतं आणि त्या बदल्यात सोडायच्या भ्रूणांच्या संख्येवर मर्यादा घालतं. खिशावरचा ताण कमी झाला की घाई कमी होते.

दुसरा धोका इंजेक्शनांचा. काही स्त्रियांत बीजकोश फार सुजतात, पोटात पाणी साठतं, दम लागतो. क्वचित जिवावर बेततं. पिकअपनंतर लगेच विमानात बसणारीला हे हवेत असताना सुरू होऊ शकतं. बीज देणाऱ्या दातीलाही हाच धोका असतो, आणि तिच्या वाट्याला बाळाचा आनंद येत नाही. भारतीय कायद्यानं तिच्यासाठी काही संरक्षण ठेवलं आहे : वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, तिचा विमा उतरवायचा.

७. दाता कोण, किती मुलांचा?

एका दात्याच्या शुक्राणूंपासून किती कुटुंबांत मुलं व्हावीत, याला अनेक देशांत मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये ती दहा कुटुंबांची आहे. पण ही मोजणी आपापल्या देशापुरती असते. बँक शुक्राणू दहा देशांना पाठवत असेल तर एकूण बेरीज कुणीच करत नाही.

मे २०२५ मध्ये याचे परिणाम समोर आले. एका दात्याच्या शुक्राणूंत कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकीय दोष होता आणि दानाच्या वेळच्या तपासण्यांत तो सापडला नव्हता. त्याच्यापासून युरोपातल्या आठ देशांत किमान ६७ मुलं जन्मल्याचं आढळलं. त्यांतल्या दहा जणांना तोवर कर्करोग झाला होता. पुढच्या शोधात मुलांची संख्या आणखी वाढली. जिथे नोंदी नीट होत्या, तिथल्या कुटुंबांना निदान सावध करता आलं.

८. भारतातून जाणाऱ्यांसाठी

इथल्या कायद्यात आयव्हीएफसाठी स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ आहे. ही मर्यादा ओलांडलेली जोडपी बाहेरचा विचार करतात. स्वतःचे गोठवलेले भ्रूण परदेशी न्यायचे असतील तर या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. मूल परदेशात जन्मलं तर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करावी लागते.

काही जण मुलगाच हवा म्हणून बाहेर जातात, कारण काही देशांत भ्रूणाची लिंगनिवड चालते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला आणि २००३ च्या दुरुस्तीनं गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. थॅलेसेमियासारखा आजार टाळण्यासाठी भ्रूण तपासणं वेगळं. मुलगी नको म्हणून तपासणं हा लेकींवरचा अन्यायच आहे, तो कुठल्याही देशात केला तरी.

मायदेशाचा कायदा पाठोपाठ येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावं. तुर्कस्ताननं २०१० मध्ये दात्यांच्या उपचारांसाठी नागरिकांनी बाहेर जाण्यावरच बंदी घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीनं परदेशात केलेली सरोगसीही गुन्हा ठरवली. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख युरोपर्यंत दंड.

९. प्रश्न उलट्या क्रमाने विचारा

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘खर्च किती?’ तो शेवटी ठेवावा. सुरुवात मुलापासून करावी.

पहिला प्रश्न : मूल अठरा वर्षांचं झाल्यावर ‘मी कुणाच्या बीजापासून जन्मलो?’ असं विचारेल, तेव्हा त्याला उत्तर मिळेल का? त्या देशात नोंद राहते का, किती वर्षं राहते, दात्याच्या कुटुंबात नंतर आजार आढळला तर आपल्याला कळवलं जाईल का?

दुसरा : जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून कुणाची नावं लागतील, आणि ती आपल्या देशाला मान्य आहेत का? हे एजंटाला विचारू नये. कौटुंबिक कायदा जाणणाऱ्या वकिलाला आणि दूतावासाला विचारावं.

तिसरा : गर्भारपणात तपासणारे इथले डॉक्टर आधीपासून सगळं माहीत करून घेऊन तयार आहेत का? उपचारांचे सगळे कागद आपल्याला मिळतील का? भ्रूण एकच सोडला जाईल का?

चौथा : आपल्यासाठी बीज देणाऱ्या किंवा गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीची काळजी कोण घेतं, तिला काही झालं तर जबाबदारी कुणाची?

यानंतर पैसा, व्हिसा, तिकीट. मूल नसण्याचं दुःख खरं असतं आणि त्या दुःखातून घेतलेल्या निर्णयाला कुणी हिणवू नये. पण याच दुःखावर अनेक एजंट पोट भरतात आणि ‘आज बुकिंग केलं तर सवलत’ असं सांगतात. या चार प्रश्नांची लेखी उत्तरं हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये. उत्तर देऊ न शकणारं केंद्र कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्यावं, कारण तिथे वाचलेल्या पैशांची परतफेड पुढे मुलालाच करावी लागते.